ड्रॅगन फळाची वेल फुलोऱ्यावर आणणे व फुलोऱ्यानंतरची निगा



सांगली, सोलापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील कमी पावसाच्या व हलक्या, मुरमाड जमिनीच्या तालुक्यांत ड्रॅगन फळाची लागवड अलीकडच्या वर्षांत बरीच वाढली आहे. पाणी कमी लागते, जनावरे तोंड लावत नाहीत आणि एकदा लावलेली बाग पुष्कळ वर्षे टिकते, ही त्यामागची कारणे आपण जाणताच. परंतु सिमेंटचे खांब, त्यावरील चकत्या, रोपे आणि ठिबक यांवर सुरुवातीलाच एकरी काही लाख रुपये खर्च होतात. अनेकांनी त्यासाठी कर्ज काढलेले असते. अशा वेळी वेल खांब ओलांडून छत्रीसारखी पसरते, हिरवीगार दिसते, पण तिला कळीच येत नाही, किंवा आलेली कळी पिवळी पडून गळते, अशी तक्रार घेऊन शेतकरी येतात. काहीजण घाईने महागडी संजीवके फवारतात, तर काहीजण बाग मोडायला निघतात. या दोन्ही गोष्टी करण्यापूर्वी वेलीचा स्वभाव समजून घेणे फायद्याचे ठरते.

वेलीचा स्वभाव

ड्रॅगन फळ हा निवडुंगाचा प्रकार आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील जंगले. तेथे ही वेल झाडांच्या आधाराने, विरळ सावलीत चढते. म्हणजे ती निवडुंग असली तरी उघड्या वाळवंटातील नव्हे. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे होणाऱ्या निम्म्या चुका ‘निवडुंगाला काय होते’ या समजुतीतून होतात. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पूर्वी हायलोसिरियस असे होते. आता तिचा समावेश सेलेनिसिरियस या प्रजातीत केला जातो. गुजरात राज्याने जानेवारी २०२१ मध्ये या फळाला ‘कमलम’ असे नाव दिले.

या वेलीला पाने नसतात. हिरवे, मांसल, तीन धारांचे खोडच अन्न तयार करते. खोडावरील रंध्रे दिवसा मिटलेली व रात्री उघडी असतात. रात्री हवेतील कर्बवायू शोषून साठवायचा आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न करायचे, अशी तिची पद्धत आहे. त्यामुळे पाणी कमी उडते. मात्र रात्रीही गरम राहणाऱ्या हवेत हे काम मंदावते आणि वेल अशक्त होते.

फांदीच्या धारेवर ठराविक अंतराने खाचा असतात व प्रत्येक खाचेत काट्यांचा लहान झुबका असतो. हाच डोळा. यातूनच नवी फांदी फुटते आणि यातूनच फूल येते. डोळ्यातून फांदी निघणार की फूल, हे चार गोष्टींवर ठरते: फांदीची पक्वता, दिवसाची लांबी, तापमान आणि वेलीतील अन्नसाठा.

ड्रॅगन फळ ही मोठ्या दिवसाची वनस्पती आहे. दिवस सुमारे १२ तासांपेक्षा मोठा असताना तिला कळी येते. आपल्या भागात २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस साधारण ११ तासांचा, तर २१ जूनच्या सुमारास सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. मार्चअखेर दिवस १२ तासांच्या पुढे जातो, परंतु एप्रिल-मेचा कडक उन्हाळा कळीला दाबून धरतो. वळवाचा पाऊस होऊन हवा निवली की कळ्या निघू लागतात. जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्या एकदम न येता चार ते सहा बहारांत, म्हणजे लाटांनी येतात.

कळी का येत नाही?

बागेत जाऊन पुढील कारणे एकेक करून तपासावीत.

१. रोप कशाचे आहे? बियांपासून केलेल्या रोपाला फुलावर येण्यास तीन ते पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पक्व फांदीच्या तुकड्यापासून केलेले रोप सामान्यतः १२ ते १८ महिन्यांत फुलते. रोपाची खात्री नसेल तर विकत घेतलेल्या ठिकाणी प्रथम ही चौकशी करावी.

२. फांद्या पक्व व लोंबत्या आहेत का? उभ्या वाढणाऱ्या कोवळ्या फांद्या फुले देत नाहीत. चकतीवरून खाली लोंबलेल्या, जाड, गर्द हिरव्या फांद्यांवरच फुले येतात.

३. ऊन मिळते का? छत्रीच्या आतील बाजूस दाटी झाली की तेथील डोळे उन्हाअभावी झोपून राहतात. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या सावलीत लावलेल्या खांबांवर फुले कमी दिसतात ती याचमुळे.

४. नत्र जास्त झाले का? युरिया व कोंबडीखत सढळ हाताने घातले की वेल फक्त फुटवे काढत राहते.

५. खोड उन्हाने भाजले का? पिवळट-पांढरी झालेली फांदी आपला जीव वाचवण्यात गुंतते. तिच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये.

विश्रांती आणि पाण्याचा ताण

डाळिंबाचा बहार धरताना आपण पाणी तोडून ताण देतो. तोच प्रकार ड्रॅगन फळाला करावा का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर असे की, ताण द्यावा, पण योग्य महिन्यात आणि बेताने.

फळे संपल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा वेलीचा विश्रांतीचा काळ होय. या काळात दिवस लहान असतो व थंडी असते. तेव्हा पाणी कमी करावे. जमिनीचा वरचा थर कोरडा होऊ द्यावा आणि १० ते १५ दिवसांनी हलके पाणी द्यावे. या काळात फांद्या पक्व होतात व अन्नसाठा करतात. एप्रिल-मे मध्ये मात्र पाणी तोडू नये. या वेलीची मुळे उथळ असतात, ती वरच्या वीतभर-हातभर मातीतच पसरतात. बाहेर ४० अंश तापमान आणि मुळाशी कोरडी माती असा दुहेरी मार बसला की फांद्या सुरकुततात व भाजतात. अशी बाग पुढे पावसाळ्याचा पहिला बहार हमखास चुकवते. उन्हाळ्यात ठिबकने थोडे थोडे पाणी वरचेवर, शक्यतो सायंकाळी द्यावे आणि खांबाभोवती उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत पसरावे.

पश्चिमेकडील बाजू जास्त भाजते. तेथे ३० ते ५० टक्के सावलीची जाळी बांधणे सर्वांत चांगले. जाळीचा खर्च परवडत नसेल तर मार्चअखेर केओलिनची ५ टक्के तीव्रतेची फवारणी (१० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम) करावी. पांढऱ्या थरामुळे ऊन परतवले जाते. पाऊस सुरू होताच जाळी काढून घ्यावी, नाहीतर कळीला लागणारा प्रकाश अडतो. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने उथळ, खडकाळ जमिनीतील ड्रॅगन फळावर काम केले आहे. त्या भागातील शेतकऱ्यांनी तेथील बाग अवश्य पाहावी.

छाटणी

फळांचा हंगाम संपताच, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाटणी करावी. ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवल्यास येणारे नवे फुटवे कळीच्या वेळी कोवळेच राहतात आणि कळीच्या वाट्याचे अन्न खातात.

रोगट, भाजलेल्या, आतील बाजूस दाटी करणाऱ्या आणि दोन-तीन हंगाम फळे देऊन थकलेल्या फांद्या काढाव्यात. जमिनीपासून चकतीपर्यंतचे मूळ खोड एकच ठेवावे व त्यावरील सर्व फुटवे खुडावेत. कोरड्या दिवशी, धारदार कात्रीने काप घ्यावा आणि प्रत्येक खांबानंतर कात्री निर्जंतुक करावी. कापावर बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) लावावे. छाटलेल्या रोगट फांद्या बांधावर टाकू नयेत. त्या पुरून किंवा जाळून टाकाव्यात, कारण या फांद्या महिनोन्महिने जिवंत राहतात व रोग पसरवत राहतात.

खत देण्याचा क्रम

नेमकी मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. क्रम मात्र पुढीलप्रमाणे ठेवावा.

छाटणीनंतर प्रत्येक खांबास १० ते १५ किलो चांगले कुजलेले शेणखत व नत्राचा मुख्य हप्ता द्यावा. एप्रिलअखेरपासून नत्र कमी करून स्फुरद व पालाश वाढवावे. ठिबक असल्यास ०:५२:३४ हे विद्राव्य खत या टप्प्यावर उपयोगी पडते. फळधारणा झाल्यावर नत्राचा लहान हप्ता व पालाश द्यावे. फळ पोसताना ०:०:५० द्यावे, त्याने गोडी व रंग सुधारतो. बहार लाटांनी येत असल्याने एकदाच मोठी मात्रा न देता प्रत्येक लाटेनंतर थोडे थोडे खत द्यावे. फुलोऱ्याच्या काळात निघणारे नवे कोवळे फुटवे खुडून टाकावेत.

कळी ओळखणे व विरळणी

डोळा फुगू लागला की चार-पाच दिवसांत ओळख पटते. फुटवा असेल तर तो टोकदार व चपटा दिसतो. कळी असेल तर ती गोल, भरीव व खवल्यांनी झाकलेली असते. कळी दिसल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांनी फूल उमलते आणि उमलल्यापासून सुमारे ३० ते ३५ दिवसांनी फळ तोडणीस येते. म्हणजे कळी दिसताच वहीत तारीख लिहून ठेवली तर सुमारे ५० दिवसांनी येणारी तोडणी आधीच कळते. मजूर, खोकी व व्यापारी यांची सोय त्या हिशेबाने करता येते.

एका फांदीवर एकाच लाटेत पाच-सहा कळ्या आल्या तर मनाला आनंद होतो, पण त्या सर्व ठेवल्यास फळे लिंबाएवढी राहून बाजारात हलक्या प्रतवारीत जातात. कळी ८ ते १० दिवसांची झाल्यावर प्रत्येक फांदीवर एक, फार सशक्त फांदीवर दोन जोमदार कळ्या ठेवाव्यात व बाकीच्या काढाव्यात. राखलेल्या कळ्यांमध्ये अंतर असावे. काढलेल्या कोवळ्या कळ्यांची भाजी होते. ती घरी करून पाहण्यास हरकत नाही, मात्र त्यावर औषध फवारलेले नसावे.

कळ्यांतून गोड द्रव पाझरतो व त्यावर मुंग्या येतात. मुंग्या कळीची साल कुरतडतात, त्याचे डाग पुढे फळावर दिसतात. खांबाच्या बुंध्याशी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कळीवर औषध मारत बसू नये.

एका रात्रीचे फूल

ड्रॅगनचे फूल सुमारे वीतभर किंवा त्याहून मोठे, पांढरे व सुवासिक असते. ते सायंकाळी उमलू लागते, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मिटते. ते पुन्हा उघडत नाही. फळधारणेसाठी मिळतो तो एवढाच अवधी.

त्याच्या मायदेशी वटवाघळे व रात्री उडणारे मोठे पतंग परागीकरण करतात. आपल्याकडे पहाटे येणाऱ्या मधमाश्या हे काम काही प्रमाणात करतात. फुलातील स्त्रीकेसर पुंकेसरांपेक्षा उंच असल्याने त्याच फुलातील पराग आपोआप त्यावर पुरेसे पडत नाहीत. शिवाय पांढऱ्या गराच्या बऱ्याच वाणांत स्वतःच्या परागाने फळ धरते, पण लाल गराच्या अनेक वाणांना दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. लाल गराचा एकच वाण असलेल्या बागेत भरपूर फुले येऊनही चार-पाच दिवसांत ती पिवळी पडून गळत असतील, तर त्यात खताचा किंवा औषधाचा दोष नाही. तेथे परागाची उणीव आहे. म्हणून नवीन लागवडीत एकाच वेळी फुलणारे किमान दोन-तीन वाण मिसळून लावावेत. जुन्या बागेत मधूनमधून दुसऱ्या वाणाचे खांब उभे करावेत.

फळाचे वजन आतील बियांच्या संख्येवर व बियांची संख्या पोहोचलेल्या परागावर अवलंबून असते. त्यामुळे हाताने केलेले परागीकरण वजनात फायदा देते. त्याची पद्धत अशी:

१. रात्री ८ नंतर किंवा पहाटे उजाडेपर्यंत, फूल पूर्ण उघडलेले असताना काम करावे.
२. एका वाणाच्या फुलातील पिवळा पराग मऊ ब्रशने कोरड्या वाटीत झाडून घ्यावा.
३. दुसऱ्या वाणाच्या फुलातील स्त्रीकेसराच्या चांदणीसारख्या टोकावर तो सर्व बाजूंनी हलकेच लावावा.
४. दोन वाण एकाच रात्री फुलत नसतील तर कोरडा पराग घट्ट झाकणाच्या डबीत घालून घरच्या फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येतो. शेजारच्या बागेतूनही पराग आणता येतो.

पावसाची शक्यता असल्यास उमललेल्या फुलावर कागदी पेला किंवा प्लॅस्टिकची पिशवी सैलसर उपडी घालावी. भिजलेला पराग निकामी होतो. फुलोऱ्याच्या दिवसांत सायंकाळी व सकाळी कीटकनाशक फवारू नये. मधमाश्या मेल्या तर नुकसान आपलेच आहे.

फुलोऱ्यानंतर

येथपर्यंत नीट काम करूनही पुष्कळ शेतकरी पुढे ढिलाई करतात. फूल मिटल्यावर ३ ते ५ दिवसांनी खालचा गोल भाग हिरवा व घट्ट राहिला तर फळ धरले असे समजावे. तेव्हा वाळू लागलेला पाकळ्यांचा भाग हलक्या हाताने पिळून काढावा. पावसात तो तसाच राहिला तर कुजतो, त्यावर बुरशी वाढते आणि फळाच्या टोकाला सड लागते. ओढून काढताना फळाची साल दुखावू नये.

पाणी सम प्रमाणात द्यावे. पंधरा दिवस कोरडे ठेवून नंतर भरपूर पाणी दिल्यास पिकत आलेले फळ तडकते. पावसाळ्यात पाणी साचू न देणे हे देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. खांबाभोवतीचा गादीवाफा उंच व चर मोकळे असावेत.

या काळात खोडावर लहान पिवळट किंवा तांबूस ठिपके पडून ते खपलीसारखे फुगतात. हा खोडावरील खैऱ्या रोग बुरशीमुळे होतो व फळावरही येतो. त्यासाठी ठिपकेदार भाग कापून काढावा आणि पावसापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) फवारावे. रंग भरलेल्या फळांवर बोर्डो मारू नये, डाग राहतात. फळमाशीसाठी एकरी ४ ते ५ मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगावेत, गळालेली फळे वेचून पुरावीत. पक्षी टोचत असतील तर फळांना पिशव्या घालाव्यात किंवा वरून जाळी टाकावी.

तोडलेले ड्रॅगन फळ केळ्यासारखे नंतर पिकत नाही, त्याची गोडीही वाढत नाही. म्हणून दर चढा दिसला तरी अर्धवट रंगाची फळे तोडू नयेत. साल पूर्ण रंगल्यावर चार-पाच दिवसांनी, खवल्यांची टोके किंचित वाळू लागताच तोडावे. फळ ओढू नये, देठाशी फांदीचा लहानसा भाग ठेवून कात्रीने कापावे.

रात्रीचे दिवे: किती खरे, किती उपयोगी?

जुलै ते सप्टेंबर या काळात सगळीकडचा माल एकदम येतो व दर कोसळतात. हंगामाबाहेर फळ मिळाले तर दर बरा मिळतो. व्हिएतनामच्या दक्षिणेकडील बिन्ह थुआन भागात यासाठी रात्री दिवे लावण्याची पद्धत रूढ झाली. अलीकडे आपल्याकडेही काही बागायतदार ती वापरतात.

यामागील तत्त्व सोपे आहे. वेल खरे तर रात्रीची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर चार तास उजेड केला की तिला दोन लहान रात्री झाल्यासारखे वाटते व ती उन्हाळ्याचा मोठा दिवस समजून कळी काढते. म्हणून रात्रभर दिवे लावण्याची गरज नाही. रात्री १० ते २ असे चार तास, ओळीने १५ ते २५ रात्री खंड न पाडता पुरेसे होतात. प्रकाशातील लाल भाग कामाचा असल्याने निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेडाचे दिवे चांगले. दिवा छत्रीच्या बाजूने सर्व फांद्यांवर उजेड पडेल असा टांगावा.

खर्चाचा हिशेब आधी करावा. एकरी ५०० खांब व प्रत्येक खांबास ९ वॅटचा एक दिवा धरल्यास एकूण भार ४.५ किलोवॅट होतो. चार तासांचे १८ युनिट, म्हणजे २० रात्रींचे ३६० युनिट होतात. दिवे, तारा व बसवणूक यांचा खर्च वेगळा. आपल्या जोडणीचा मंजूर भार व रात्रीच्या विजेची खात्री पाहूनच पुढे जावे. मध्येच तीन-चार रात्री वीज गेली तर केलेले श्रम वाया जातात.

सप्टेंबरअखेर दिवे सुरू करून हंगाम लांबवणे आपल्या हवामानात जास्त सोयीचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत प्रतिसाद मंद मिळतो, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेल्या बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात भाजण्याचा धोका असतो. तीन वर्षांपेक्षा लहान वा अशक्त बागेवर हा प्रयोग करू नये. सशक्त बागेतही पहिल्या वर्षी एक-दोन ओळींवरच करून पाहावे. ज्या वेलीला विश्रांती मिळाली नाही, ती पुढच्या नैसर्गिक हंगामात हात आखडता घेते.

लक्षात ठेवा

• छाटणी डिसेंबरपर्यंत उरका. उशिराची छाटणी कळीच्या मुळावर येते.
• ताण थंडीत द्या, उन्हाळ्यात नव्हे.
• एप्रिलनंतर युरियाला हात आवरा.
• कळी दिसल्याची तारीख वहीत लिहा.
• एका फांदीवर एक फळ ठेवा.
• लाल गराच्या बागेत दुसरा वाण असलाच पाहिजे.
• वाळलेल्या पाकळ्या पाचव्या दिवसापर्यंत काढा.

आपल्या बागेला दुसऱ्या वर्षी कळी आली नाही म्हणून निराश होऊ नये. सर्वांत दाट व सर्वांत मोकळा असे दोन खांब निवडून वर दिलेली पाच कारणे त्यांवर ताडून पाहावीत. बहुतेक ठिकाणी कारण डोळ्यांसमोरच सापडते आणि त्यावरील उपाय कात्री, पाचट व ब्रश यांपलीकडे फारसा जात नाही. संजीवकाच्या बाटलीवर पैसे घालण्यापूर्वी एवढी पाहणी जरूर करावी आणि तरीही शंका राहिल्यास रोगट फांदी किंवा गळालेली कळी सोबत घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे.